जोडीने येणारे दोन रोग

क्षय म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. एच.आय.व्ही. हे नावही आता सर्वांच्या कानावरून गेले आहे. पण हे दोन रोग एकमेकांचे सोबती आहेत, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. आज आपण तीच वाचू.

आमच्या ओळखीचा एक गडी आहे. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. ‘माझी हकिगत सांगा, पण नाव घेऊ नका,’ असे त्याने आम्हाला बजावले आहे. तो त्याचा हक्क आहे.

हा गडी मालट्रकवर होता. घरी बायको आणि लहान पोर. एकदा परगावी आजारी पडला, म्हणून तिथल्या दवाखान्यात गेला. रक्त तपासले. एच.आय.व्ही. निघाला. ‘घाबरू नका, पण गोळ्या लगेच सुरू करा,’ असे डॉक्टरांनी सांगितले आणि हातात कागद दिला. गड्याने कागदाची घडी केली. घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीत जुन्या कपड्यांखाली ठेवून दिली. गोळ्या घेतल्या नाहीत. बायकोलाही काही बोलला नाही.

दीड वर्ष गेले. मग त्याला रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. रात्री घामाने अंथरूण भिजे. कंबरेचा पट्टा दोन भोके आत गेला. खोकला मात्र फारसा नव्हता. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले रातच्या जागरणाने झाले. शेवटी आशाताईने थुंकीची डबी आणून दिली. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंतू दिसले नाहीत.

‘सुटलो,’ गडी म्हणाला. पण तो सुटला नव्हता. हे कसे, ते आता पाहू.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने शोधला. २४ मार्च १८८२ रोजी त्याने तो शोध जाहीर केला. म्हणून २४ मार्चला क्षयरोग दिन पाळतात. हा जंतू हवेतून येतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, की जंतू हवेत उडतात आणि जवळच्यांच्या छातीत जातात. पण जंतू गेला म्हणजे रोग झालाच, असे नाही. जंतू असलेल्या शंभर माणसांपैकी पाच ते दहाच जण उभ्या जन्मात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांच्या अंगात तो निजून राहतो.

त्याला कोण निजवतो? ज्वारी हुरड्यात आली, की आपण शेतात माळा बांधतो. राखण्या गोफण घेऊन वर बसतो. पाखरे झाडावर असतात, पण पिकात उतरत नाहीत. आपल्या रक्तातही असे राखणे आहेत. पांढऱ्या पेशी म्हणतात त्यांना. क्षयाच्या जंतूला त्या वेढा घालून बसतात.

एच.आय.व्ही. नेमका या राखण्यांनाच मारतो. माळा रिकामा झाला, की पाखरांना कोण अडवणार? एच.आय.व्ही. असून त्याच्या गोळ्या घेत नाहीत, अशा शंभर जणांच्या अंगात क्षयाचा जंतू असेल, तर एका वर्षात त्यांतले दहाच्या आसपास क्षयाने पडू शकतात. इतरांना जन्मभरात जेवढा धोका, तेवढा यांना एका वर्षात. एच.आय.व्ही. असलेल्या माणसांचा सर्वांत जास्त बळी क्षयच घेतो.

आता थुंकीचे. राखणे आणि जंतू यांची झुंज जोरात चालते, तेव्हा फुप्फुसाला भोके पडतात आणि बेडक्यातून जंतू बाहेर येतात. राखणेच कमी, तर झुंज नाही. झुंज नाही, तर थुंकीत जंतू थोडे. रोग मग कधी गाठीत, कधी मणक्यात, कधी मेंदूच्या आवरणात दडून बसतो. सूक्ष्मदर्शकाला तो सापडतोच असे नाही. म्हणून अशा माणसाची थुंकी यंत्रावर तपासावी लागते. त्यांतले ट्रूनॅट नावाचे यंत्र गोव्यातल्या एका कंपनीने तयार केले आहे. थुंकीत अगदी थोडे जंतू असले, तरी ते यंत्राला कळतात.

इतरांनी दोन आठवडे खोकला राहिला, की थुंकी तपासावी. एच.आय.व्ही. असलेल्याने दोन आठवडे थांबायचे नाही. खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम, यांतले एकही असले तरी त्याच दिवशी सांगायचे.

इथे एक गैरसमज मात्र होऊ नये. क्षय झाला म्हणजे एच.आय.व्ही. असणारच, असे मुळीच नाही. आपल्याकडे क्षयाच्या शंभर रोग्यांत एच.आय.व्ही. असलेले फार थोडे निघतात. क्षयाच्या माणसाकडे पाहून कुजबुजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय एच.आय.व्ही. हवेतून येत नाही. एका ताटात जेवल्याने येत नाही, डास चावल्याने येत नाही. तो येतो निरोध न वापरता केलेल्या संगाने, दूषित रक्ताने, दुसऱ्याला टोचलेल्या सुईने, आणि आईकडून बाळाला. आईने वेळेवर औषध घेतले, तर बहुतेक बाळे वाचतात.

गड्याचा ताप हटेना. आशाताईने पुन्हा डबी दिली. या वेळी थुंकी यंत्रावर गेली आणि क्षय निघाला. दवाखान्यात विचारले, ‘एच.आय.व्ही.ची तपासणी करायची का?’ क्षयाच्या प्रत्येक रोग्याला हे विचारतात. गड्याचा चेहरा उतरला. तो काही न बोलता घरी आला. रात्री त्याने पेटी उघडली आणि कागद बायकोपुढे ठेवला.

‘दीड वर्ष का नाही सांगितलंत?’ एवढेच ती म्हणाली. मग दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

सांगितले म्हणून बरे झाले. क्षयाच्या औषधांतले एक औषध एच.आय.व्ही.च्या औषधाचा जोर कमी करते. दोन्ही रोग ठाऊक असले, की डॉक्टर त्या औषधाची जादा गोळी देतात. एक रोग लपवला, तर ही गोळी कोण देणार?

आधी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी झाली, तेव्हा गडी घाबरला. तो गोळीचा रंग असतो, रक्त नव्हे. दोन आठवड्यांच्या आत एच.आय.व्ही.च्या गोळ्याही चालू झाल्या. महिना झाला आणि मानेला गाठ आली, ताप पुन्हा चढला. ‘गोळ्याच बाधल्या. आता बंद,’ गडी म्हणाला. बायकोने ऐकले नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ‘राखणे परत आलेत. ते जंतूंवर तुटून पडलेत, म्हणून गाठ सुजली. गोळी सोडू नका.’ त्यांनी सुजेवर औषध दिले. गाठ हळूहळू बसली. इथेच पुष्कळ लोक गोळ्या सोडतात आणि जिवाला मुकतात.

एका ठिकाणी मात्र एका माणसाने सगळ्या रांगेत ओरडून याचा रोग सांगितला. आम्हाला त्याचा फार राग आला. २०१७ साली केलेल्या कायद्याने एच.आय.व्ही. असलेल्याची ओळख फोडता येत नाही. त्याला कामावरून काढता येत नाही, दवाखान्यातून परतवता येत नाही. काही विचारायचे असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

औषधालाही पैसे पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात एच.आय.व्ही.ची औषधे २००४ पासून फुकट मिळतात. क्षयाची तर त्याच्याही आधीपासून. क्षयाच्या रोग्याला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पैसे बँकेच्या खात्यात येतात, म्हणून पासबुक बरोबर न्यावे.

बायकोचे रक्त तपासले. तिला एच.आय.व्ही. नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही नव्हता. दोघांना निरोध वापरायला सांगितले. घरातला क्षय पोरीला होऊ नये, म्हणून तिला आणि आईला आधीच प्रतिबंधक गोळ्या दिल्या. अशाच गोळ्या एच.आय.व्ही. असलेल्यालाही देतात. गडी कागद घेऊन तेव्हाच ए.आर.टी. केंद्रात गेला असता, तर त्याला त्या दीड वर्षापूर्वीच मिळाल्या असत्या.

क्षयाच्या गोळ्या सहा महिन्यांनी थांबल्या. एच.आय.व्ही.ची गोळी रोज आहे, जन्मभर आहे. रात्री जेवण झाले, की पोर पाण्याचा तांब्या आणून ठेवते आणि गडी गोळी घेतो. दवाखान्याचे सगळे कागद आता एका पिशवीत असतात. पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते.