हिरव्या बांधापासून जपा

दिवाळी सरली की फलटण, पुरंदरकडचे आम्हा मेंढपाळांचे वाडे घाट उतरून पेण-रोह्याच्या भातशेतांत येतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य, मेंढरांना चारा. पण या सौद्यात गाभण मेंढीचं काय होतं, याकडे फार थोडे बघतात.

आषाढात फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, मार्गशीर्षात विते. पोटातलं कोकरू शेवटच्या दीड महिन्यात झपाट्याने वाढतं आणि नेमकी तेव्हाच घाटाची पायपीट असते. खाली आल्यावर पुढ्यात येतं भाताचं धसकट. त्यात प्रथिनं जेमतेम चार टक्के. हे प्रमाण सात टक्क्यांखाली गेलं की पोटातले जिवाणू मंदावतात. पोट भरलेलं दिसतं आणि अंग झडत जातं. लोकरीत बोटं घालून पाठ चाचपा. मणके टोचले, तर रोज दोन मुठी ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा सुरू करा, तोही हळूहळू वाढवत. खळ्यावरच्या भातावर तुटून पडलेली मेंढरं पोट आंबून रातोरात गेलेली मी पाहिली आहेत. वालाची काढणी झाली की त्याचा पाला मात्र मालकाकडून आवर्जून मागून घ्या. इथे त्याच्यासारखा चारा नाही.

आता खरी धास्ती. एका वर्षी आमच्या वाड्यातली मेंढरं कालव्याकाठच्या ओल्या, हिरव्यागार बांधांवर चरली. कोकणात असेपर्यंत सगळं ठीक होतं. परत देशावर चढलो आणि मेंढ्यांच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबू लागल्या. पापणी खाली ओढली तर आतून पांढरीफटक! चांगल्या दुभत्या मेंढ्या गेल्या, त्यांच्यामागे कोकरं गेली. तो यकृतातला चपटा जंत. पाणथळीतल्या बारक्या गोगलगाईत तो वाढतो, मग गवताला चिकटून राहतो. मेंढीच्या पोटात गेल्यावर पूर्ण वाढायला त्याला तीन-चार महिने लागतात, म्हणून तोवर लेंडी तपासूनही अंडी सापडत नाहीत. काही औषधं फक्त मोठ्या जंतावरच चालतात. कोणतं, कधी पाजायचं ते पशुवैद्यकाला विचारा, आणि मेंढरं कुठे चरली तेही सांगा.

वाडा टाकण्याआधी मालकाला विचारा, पाणी कोणत्या खाचरात उशिरापर्यंत साचतं. तिथे मेंढरू घालू नका, पाजायलाही वाहतं पाणी किंवा विहीर बघा.