रैतू बाजारातला धडा

भाजी आणणं हा काय अभ्यासाचा विषय आहे का, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण गेलं वर्षभर दर रविवारी मी आजीबरोबर मेहदीपट्टणमच्या रैतू बाजारात जाते आहे. तिथे जे शिकले ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधी शब्द बघू. तेलुगूत ‘रैतु’ म्हणजे शेतकरी. आपल्या मराठीत ‘रयत’ आहेच. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले. मराठीत तो राजाच्या प्रजेसाठी रुळला, तेलुगूत थेट शेतकऱ्यालाच चिकटला. म्हणजे बाजाराचं नावच सांगतं, की हा बाजार कोणाचा आहे.

आता व्यवस्था समजून घेऊ. एरवी शेतकरी आपला माल बोवेनपल्ली किंवा गुडीमलकापूरच्या घाऊक बाजारात आणतो. तिथे आडत्या तो विकून देतो, मग किरकोळ विक्रेता घेतो, मग तो आपल्या दारातल्या हातगाडीवर येतो. प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी आपला वाटा काढतो. गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं, पण ते शेतापर्यंत पोचत नाहीत. हे टप्पे गाळण्यासाठी तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ला रैतू बाजार सुरू झाले. ओळखपत्र असलेला शेतकरी इथे स्वतः बसून विकतो. आडत नाही, जागेचं भाडं नाही. रोजचे भाव फळ्यावर लिहिलेले असतात. ते घाऊक भावापेक्षा जास्त आणि बाहेरच्या किरकोळ भावापेक्षा कमी ठेवायचे, असं धोरण आहे. पंजाबात १९८७मध्ये सुरू झालेली ‘अपनी मंडी’ आणि तामिळनाडूतली ‘उळवर संदै’ याच विचारातून निघाली.

हे सगळं मी नंतर वाचलं. पहिल्या रविवारी मला काहीच ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्या अम्मांपुढे अंबाडीच्या जुड्या होत्या, दहा रुपयांना तीन. मी म्हटलं, चार द्या. त्या नाही म्हणाल्या. मी उठायचं नाटक केलं. शेवटी त्यांनी चौथी जुडी पिशवीत टाकली. मी खूश! आजी काही बोलली नाही. चार पावलं पुढे आल्यावर म्हणाली, “कशाला घासाघीस करायलीस गं? तुझ्या आजोबांची पट्टी पाहिली असतीस तर असं केलं नसतंस.”

पट्टी म्हणजे आडत्याने शेतकऱ्याला दिलेला हिशोबाचा कागद. आमचं मूळ गाव उदगीरजवळ. १९५६पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यातच होता. आजोबा टमाटे पिकवायचे. पट्टीवर वर विक्रीची रक्कम, खाली आडत, हमाली, तोलाई. एका वर्षी इतकं कमी उरलं, की गाडीभाडंसुद्धा पदरचं घालावं लागलं. त्यानंतर बाबांनी शेती सोडली आणि ते नोकरीसाठी इकडे आले. घरात हे कधी कोणी मला सांगितलंच नव्हतं. आजी मागे वळली, अम्मांच्या हातात पैसे ठेवले आणि काही न बोलता परत आली.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळते. तुम्हीही करून पाहा.

१. आधी फळा वाचा. तिथला भाव आडत वगळूनच ठरलेला असतो. तो आणखी पाडला, तर तो आडत्याच्या नाही, शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. वजन मात्र नीट बघून घ्या, तो आपला हक्क आहे.

२. गाव विचारा. “मीदी ए ऊरु?” म्हणजे तुमचं गाव कोणतं? चेवेल्ला, मोईनाबाद अशी नावं ऐकू येतात. विकणाऱ्याला पीक कधी लावलं, कधी तोडलं हे सांगता आलं, तर माल बहुधा त्याच्याच शेतातला.

३. हंगाम ओळखा. थंडीत वालाच्या शेंगा, फ्लॉवर, टमाटे भरपूर. उन्हाळ्यात कैरी आणि चिंचेचा कोवळा पाला, ज्याला इथे ‘चिंतचिगुरु’ म्हणतात. तो डाळीत घालतात. पावसाळ्यात पालेभाजी लवकर सडते, म्हणून महाग होते. सफरचंद मात्र बाराही महिने दिसलं, तरी ते इथल्या मातीतलं नव्हे.

४. यादी घरी ठेवून जा. जे ताजं दिसेल त्यावरून स्वयंपाक ठरवा. आजी असंच करते.

साहित्य मंडळाच्या सभासदांसाठी आणखी एक गंमत. आपला चुका इथे ‘चुक्ककूर’, कोथिंबीर ‘कोत्तिमीर’, तोंडली ‘दोंडकाय’. अंबाडी मात्र ‘गोंगूर’, आणि तेलंगणात ‘पुंटीकूर’. आजीला तेलुगू वाचता येत नाही, पण या शब्दांवर तिचा बाजार चालतो. आणि मराठीत ‘मी’ म्हणजे मी स्वतः, तर तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमचं! पहिले काही दिवस माझा यात फार गोंधळ व्हायचा.

त्या अम्मा अजून येतात. पहाटेच्या बसने भाजी घेऊन निघतात, असं त्यांनीच सांगितलं. आता मी दहा रुपये देते आणि तीनच जुड्या घेते. गेल्या रविवारी त्यांनी न मागता एक जुडी जास्त दिली. मी नको म्हणत होते, तर आजी हसून म्हणाली, “घे आता. ही तू मागितलेली नाहीस.”