गूळ, नाचणी आणि गोळी

आमच्या शाहूवाडी तालुक्यात मधुमेह म्हटलं की लोक अजून ढेरीवाल्या माणसाकडं बघतात. मी सडपातळ, भात आणि उसाचं काम अंगावरचं. तरी चाळिशीनंतर रात्री सारखं लघवीला उठावं लागलं, वजन उतरलं आणि उपाशीपोटीची साखर १२६ च्या बरीच वर निघाली. १२६ झाली की मधुमेह धरतात. तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीत ही रेघ साडेसहा टक्क्यांवर आहे.

बारीक माणसाला हा आजार कसा होतो, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. तेव्हा आपण बारीक आहोत म्हणून तपासणी टाळू नका. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुळीच नको.

मग सल्ले सुरू होतात. साखर सोड, गूळ खा. गूळ आपल्या कोल्हापूरचा, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यात मुख्यतः उसाची साखरच असते आणि रक्तात ती साखरेसारखीच चढते. काकवीचंही तेच. दुसरा सल्ला नाचणीचा. तो चांगला आहे, पण अर्धा. शंभर ग्रॅम तांदळात कर्बोदकं साधारण ७८ ग्रॅम, नाचणीत ६७. नाचणीत चोथा भरपूर असतो हा तिचा खरा फायदा; पण भात सोडून तीन भाकरी चेपल्या तर तो फायदा उरत नाही. पातळ आंबील तर भाकरीपेक्षा लवकर पचते. मला उपयोग झाला तो ताट बदलण्याचा: आधी मटकीची किंवा हुलग्याची उसळ आणि पालेभाजी, मग एक भाकरी, शेवटी भात मुठीएवढा. घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर बघायची. कोणता घास आपल्याला महाग पडतो, ते आकड्यात दिसतं. शेजाऱ्याला चालतं ते आपल्याला चालेलच असं नाही.

आता खरं सांगायचं ते. आहारावर भर देऊन मी रात्रीचं जेवण जवळजवळ बंद केलं. गोळी मात्र पहिल्याइतकीच चालू राहिली. ती ग्लिमेपिराइडची होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, तिचं काम चालूच. सकाळी रोप लावणीच्या चिखलात साखर एकदम खाली गेली, हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. सोबतच्या बायकांनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

आहारानं मधुमेह मागं हटतो, हे खोटं नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचा निकाल आला. दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींवर काही महिने ठेवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के वर्षअखेरीस औषधाशिवाय मधुमेहाच्या रेघेखाली होते. पण तिथं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. आपल्याकडं लोक आहार ऐकून घेतात, हा भाग कुणी सांगत नाही. म्हणून जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘माझ्या गोळीनं साखर खाली जाते का, डोस किती कमी करायचा?’ इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. एकट्या मेटफॉर्मिनच्या गोळीनं सहसा साखर अशी खाली जात नाही. स्वतःच्या मनानं गोळी सोडणं मात्र तितकंच वाईट. एकादशी, नवरात्र, रोजे यांनाही हेच लागू.

शेतात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवा. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर परत घ्या, मग थोडं खा. आणि घरच्यांना सांगून ठेवा: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, त्याला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.