ड्रोनचा फोटो एका बाजूला धूसर येतोय? दोष कशात आहे ते असं ओळखा



आपल्यातले काही होडीमालक आता घरचा छोटा ड्रोन वापरतात. पावसाळ्याआधी होडी वर ओढली की तिचे वरून फोटो काढून ठेवायचे, वाळत घातलेल्या जाळ्यांचे काढायचे, जेटीवर कुठे काय पडलंय ते बघायचं. ही सवय चांगली आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. अशा वादळानंतर विम्याचा सर्वेअर विचारतो, "आधी होडी कशी होती?" तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

पण फोटो मोठा करून बघितला की घोळ दिसतो. मधला भाग लख्ख, डावी बाजूही बरी, आणि उजवीकडे नाळेवरचा नोंदणी क्रमांक पुसल्यासारखा. दुकानदार म्हणतो, "वाऱ्यामुळे झालं असेल." कोणी म्हणतं, "कॅमेरा गेला, नवीन बसवा." कॅमेरा बदलायचा म्हणजे खिशाला मोठी कात्री. म्हणून पैसे घालण्याआधी दोष भिंगाचा आहे की बाहेरचा, हे स्वतः तपासा. त्याची पद्धत या धड्यात दिली आहे. एक सकाळ पुरते.

पायरी १: आधी मीठ काढा

समुद्रावरून आलेल्या ड्रोनच्या काचेवर खारट तुषार सुकून बसतात. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाहीत. काच तिरकी धरून उजेडात बघा.

- कोरड्या फडक्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका. मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात.
- आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा.
- मग चष्म्याचं मऊ कापड डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवा. शेवटी कोरड्या मऊ कापडाने टिपा.
- काचेवर वेगळा फिल्टर लावला असेल तर तो काढा. फिल्टर वाकडा बसला तरी एक बाजू बिघडते.
- एसीच्या खोलीतून ड्रोन थेट दमट हवेत नेला तर काचेवर वाफ धरते. १५-२० मिनिटं थांबा, मगच उडवा.

पायरी २: फोकस आणि शटर

काही ड्रोनचा फोकस कायमचा ठरलेला असतो. काहींमध्ये स्क्रीनवर बोट टेकवून फोकस घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर सगळाच फोटो मऊ येतो. चाचणीच्या वेळी फोकस घ्या आणि तोच कायम ठेवा.

आयएसओ १०० ठेवा. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. पहाटेच्या कमी उजेडात चाचणी करू नका. ऊन चांगलं वर आलेलं आणि वारा कमी, अशी वेळ बघा.

पायरी ३: खरी चाचणी, ड्रोन अर्धा फिरवा

चाचणी समुद्रावर घेऊ नका. लाटा हलतात, त्यामुळे काही ठरवता येत नाही. खडी पसरलेलं मोकळं मैदान किंवा जेटीचं रिकामं काँक्रीट बघा. जमीन सपाट हवी आणि तिच्यावर बारीक खुणा हव्यात.

१. ड्रोन ३० मीटर उंचीवर स्थिर ठेवा. कॅमेरा सरळ खाली करा.
२. एकाच जागी चार फोटो काढा.
३. ड्रोन जागेवरच अर्धा फिरवा, म्हणजे तोंड उलट दिशेला. उंची तीच ठेवा.
४. पुन्हा चार फोटो काढा.

सगळे फोटो मेमरी कार्डावरून संगणकावर घ्या आणि पूर्ण आकारात उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तपासू नका. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि बारीक तपशील जातात. चारही कोपरे आणि मधला भाग एकेक करून बघा.

निकाल कसा वाचायचा?

*ड्रोन फिरवल्यावरही धूसरपणा फोटोच्या त्याच बाजूला राहिला, आठही फोटोंत सारखाच:* दोष कॅमेऱ्यात आहे. भिंगाच्या आत अनेक छोटी भिंगं एका रेषेत बसवलेली असतात. त्यातलं एखादं जरा तिरकं किंवा बाजूला सरकलेलं असलं की फोटोची एक बाजू मऊ येते. कारखान्यातून असं येऊ शकतं, ड्रोन आपटल्यावरही होतं.

*ड्रोन फिरवल्यावर धूसरपणा दुसऱ्या बाजूला गेला:* भिंग ठीक आहे. जमिनीचाच तो भाग तसा आहे. सावली असेल, ओल असेल किंवा चढउतार असेल.

*चारही कोपरे सारखेच थोडे मऊ, मधला भाग लख्ख:* हा बिघाड नाही. छोट्या, रुंद कोनाच्या भिंगात कडेला तीक्ष्णता कमीच असते.

*एका फोटोत धूसर, दुसऱ्यात स्पष्ट:* वारा, थरथर किंवा फोकस. आधी पंख्याची पाती बघा. कडेला चीर किंवा खाच असेल तर पातं बदला. खुणा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील तर शटर आणखी वेगवान करा.

*एकाच जागी गोल, दुधट डाग:* थेंब किंवा बोटाचा ठसा. पुन्हा पायरी १.

दोष भिंगाचा निघाला तर

वॉरंटी चालू असेल तर वेळ घालवू नका. आठही मूळ फोटो कार्डावर तसेच ठेवा. मोबाइलवर ते धारदार करू नका, कापू नका. ड्रोन फिरवण्याआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन फोटो शेजारी ठेवून दुकानदाराला दाखवा. दोन्हींत तीच बाजू धूसर असेल तर "वारा होता" हे कारण टिकत नाही. कॅमेरा स्वतः उघडू नका. त्याला स्थिर धरणारी गिंबलची यंत्रणा नाजूक असते, आणि उघडल्यावर वॉरंटीही हातची जाते.

वॉरंटी संपली असेल तरी ड्रोन लगेच फेकून देऊ नका. असं काम चालवा:

- महत्त्वाची वस्तू फोटोच्या मधल्या भागात घ्या. नोंदणी क्रमांक, फळीची चीर, इंजिनाची जागा कडेला जाऊ देऊ नका.
- अख्खी होडी एका फोटोत बसवायचा हट्ट नको. तीन-चार फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोचा अर्धा भाग पुन्हा येऊ द्या. म्हणजे एका फोटोत कडेला धूसर पडलेला भाग पुढच्यात मध्यावर येतो.
- मॅविक २ प्रोसारख्या ड्रोनमध्ये भिंगाचं छिद्र कमीजास्त करता येतं. तिथे एफ/४ ते एफ/५.६ ठेवून बघा, कडा थोड्या सुधारतात. एफ/११ पर्यंत नेऊ नका, तिथे अख्खा फोटोच मऊ पडतो. ज्या ड्रोनचं छिद्र कायमचं असतं त्यात हा उपाय नाही.
- संगणकावर फोटो धारदार केला तर कडा उठून दिसतात, पण गेलेला आकडा परत येत नाही. विम्याच्या कागदाला मूळ फोटोच जोडा.

उडवण्याआधी

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट परवाना लागत नाही. पण परवाना नको म्हणजे कुठेही उडवायला मोकळीक नाही. आपल्या गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, नौदलाचा तळ आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. चाचणीसाठी ३० मीटरच जायचं असलं तरी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा आधी बघा. माणसांच्या डोक्यावरून उडवू नका.

एक शेवटचं. होडीचे फोटो नुकसान झाल्यावर काढायचे नसतात, होडी धड असताना काढून ठेवायचे असतात. वादळानंतर "आधीचा फोटो" नव्याने मिळत नाही. तेव्हा होडी वर ओढली की आधी कॅमेरा तपासा, मग होडीचे फोटो घ्या, आणि त्यांची एक प्रत ड्रोनच्या कार्डाबाहेर, घरच्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवा.