पालाशविना गव्हाची मुळं

बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस असते. यातला पालाश तोडला तर मुळांचं काय होतं, हे शेतात सहजी दिसत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत तो मुळातच बऱ्यापैकी असतो. म्हणून पुण्याजवळच्या सांगवीतल्या गच्चीवर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, वाळूत गहू पेरा.

वाळू मिळवणं हे यातलं अर्धं काम. बांधकामावरची क्रश सँड बसाल्टची, तिच्यातून क्षार सुटतात. पवनेकाठच्या वाळूत गाळ येतो आणि गाळाबरोबर पालाश. फाउंड्रीत साच्यांना लागते ती पांढरी सिलिका वाळू घ्या, पण कोरी. ओतकामात वापरून झालेल्या वाळूत बेंटोनाइट नाहीतर रेझिन मिसळलेलं असतं. नितळ पाणी येईपर्यंत ती धुवा; शेवटचे दोन हात बॅटरीच्या पाण्याचे.

लिटरच्या दहा पारदर्शक बाटल्यांची तोंडं कापा, बुडाला भोकं पाडा, वाळू भरा आणि बाहेरून काळा कागद गुंडाळा. बाटल्या तिरक्या ठेवल्या की मुळं खालच्या अंगाला चिकटून वाढतात. कागद सरकवून ती पाहता येतात.

आता खताचं पाणी. पाच लिटर बॅटरीच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट २.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.२५ ग्रॅम, १२:६१:०० खत ०.५ ग्रॅम आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं. प्रत्येक खत वेगळ्या भांड्यात भरपूर पाण्यात विरघळवून मगच एकत्र करा, नाहीतर कॅल्शियम आणि स्फुरदाचा साका बसतो. असे दोन कॅन भरा. त्यातल्या एकातच पालाश देणारं ००:००:५० खत १ ग्रॅम टाका. ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. चमच्याच्या अंदाजावर हे काम सोडू नका.

बियाणं एकाच वाणाचं, बीजप्रक्रिया न केलेलं: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६४७८ किंवा निफाडचा फुले समाधान. बाटलीत तीन दाणे टाका, उगवल्यावर एकच रोप ठेवा. पाच बाटल्यांना एका कॅनचं पाणी, पाचांना दुसऱ्याचं. बुडातून थोडं गळेल इतकं.

पहिल्या आठवड्यात फरक शोधू नका, रोप दाण्यातल्या साठ्यावर जगतं. पुढे उपाशी रोपांच्या खालच्या, जुन्या पानांची टोकं आणि कडा पिवळ्या पडून करपू लागतील. तिथला पालाश उपसून रोप कोवळ्या पानांना देतं.

पाचव्या आठवड्यात दोन्ही गटांतली चार-चार रोपं बादलीत बुडवून हलक्या हाताने मोकळी करा. १ सेंटिमीटरच्या चौकटी आखलेल्या ताटलीत मुळं पाण्यावर पसरा. आडव्या-उभ्या रेघांना ती किती ठिकाणी छेदतात ते मोजा आणि त्या आकड्याला ०.७८६ ने गुणा: सेंटिमीटरमध्ये लांबी मिळते. ही रीत टेनंट यांनी १९७५ मध्ये मांडली. मग मूळ आणि शेंडा वेगवेगळे कडक वाळवून तोला.

खरी गंमत या वजनांत आहे. नत्र किंवा स्फुरद कमी पडला तर रोपाच्या वजनात मुळांचा वाटा सहसा वाढतो. पालाशाच्या तुटवड्यात बहुधा उलट होतं. पानात तयार झालेली साखर वाहिन्यांत भरून खाली पाठवायला पालाश लागतो. तो नसला की साखर पानातच अडकते, मुळं आखूड आणि फाटे विरळ राहतात. दोन्ही गटांचं मूळ-शेंडा गुणोत्तर सारखंच आलं, तर आधी वाळूवर संशय घ्या.

उरलेल्या उपाशी रोपाला आता पालाशचं पाणी सुरू करा. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, तेव्हा नजर नव्या मुळांवर ठेवा.