सोनेरी ठशांची काव्यपुस्तके आणि तापीकाठची हवा

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७-१९०१) इंग्रज प्रकाशकांनी कवितांची पुस्तके रंगीत कापडी बांधणीत, वेलबुट्टी उठवून व सोनेरी वर्खाचा ठसा मारून बाजारात आणली. १८६१ मध्ये निघालेली पालग्रेव्हची ‘गोल्डन ट्रेझरी’ ही इंग्रजी कवितांची निवड ज्या मराठी कवींच्या हातात पडली, त्यांच्या वाचकांना अशा जुन्या प्रतींचा मोह पडणे स्वाभाविकच आहे. मात्र मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारातून तापी खोऱ्यातल्या नंदुरबारला आलेल्या प्रतीला उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारा पारा आणि लगोलग पावसाळी दमटपणा सोसावा लागतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळीच ध्यानात घेतली पाहिजे.

सर्वांत फसवी ठरते ती रबरबांधणी. विल्यम हॅन्कॉकने १८३६ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत पाने शिवत नसत, तर दुमड कापून सुटी केलेली पाने रबराच्या द्रावणाने पुस्तकाच्या पाठीला चिकटवीत; कालांतराने, आणि उष्णतेत अधिकच लवकर, ते रबर ठिसूळ होते, व बाहेरून नवेकोरे दिसणारे पुस्तक उघडताच पाने हातात येतात. म्हणून पुस्तक मध्यावर हलकेच उघडून शिवणीचा दोरा दिसतो का, हे आधी पाहावे. पाने सुटली तरी प्रत बाइंडरकडे देऊ नये, कारण तो कडेने टाके घालून समास गिळतो आणि मूळ पुठ्ठे, म्हणजे संग्राहकाला हवी असलेली वस्तूच, फेकून देतो. पोथी बांधतात तशी ती सुती बासनात बांधून ठेवणे पुरेसे असते.

बांधणीचे कापड ताठ राहावे म्हणून त्यात भरलेली खळ झुरळे व कसर आवडीने खातात, शिवाय ओल्या फडक्याने पुसताच ती विरघळून कायमचा डाग पडतो. तेव्हा धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानेच झटकावी.

झगझगीत हिरव्या पुठ्ठ्याबाबत सावधगिरी निराळी आहे. अमेरिकेतील विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून केलेल्या तपासण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील अशा काही कापडांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असलेले रंगद्रव्य आढळले आहे, व ते बोटांना लागते. बोट ओले करून पान उलटण्याची आपल्याकडील सवय इथे घातक आहे. असे पुस्तक हातमोजे घालून हाताळावे, झिपच्या पिशवीत बंद करून वर तशी चिठ्ठी लावावी आणि मुलांच्या हाती लागेल अशा कपाटात ठेवू नये.