अनोळखी शॅम्पेनची बाटली कशी पारखावी?

द्राक्षाचा घड हातात घेतला की मण्यांची फुगवण, देठाचा हिरवेपणा आणि गोडी यांवरून आपण त्याचा दर्जा सांगतो. मात्र द्राक्षापासूनच तयार झालेली एखादी परदेशी बाटली समोर आली की आपली भिस्त सोनेरी कागदावर आणि किमतीवर असते. वाइनच्या द्राक्षांची लागवड करणाऱ्यांच्या घरी अशी बाटली कोणी भेट म्हणून देते, कोणाचा मुलगा परदेशातून येताना आणतो. मग प्रश्न पडतो, ही खरोखर चांगली आहे की नुसतीच महाग? शॅम्पेनच्या बाबतीत या प्रश्नाचे निम्मे उत्तर बाटलीवर छापलेले असते आणि उरलेले बूच उघडल्यावर मिळते. (किती प्यावे हा या लेखाचा विषय नाही. दर्जा तपासणारे जाणकार घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात.)

नाव कोणाचे?

फ्रान्सच्या ईशान्येस रँस आणि एपर्ने या शहरांच्या परिसरात सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षबागा आहेत. तेथील बऱ्याचशा जमिनीखाली खडूसारखा पांढरा चुनखडक आहे. तेथे पिकलेल्या द्राक्षापासून ठरलेल्या पद्धतीने केलेली वाइन तीच शॅम्पेन. हे नाव शेतकऱ्यांनी भांडून राखले आहे. बाहेरच्या प्रदेशातून स्वस्त द्राक्षे आणून व्यापारी त्याची शॅम्पेन करू लागले, स्थानिक मालाचे भाव पडले, आणि १९११ साली तेथील बागायतदारांनी व्यापाऱ्यांची तळघरे फोडून वाइन रस्त्यावर ओतली. सैन्य बोलवावे लागले. पुढे हद्दी कायद्याने आखल्या गेल्या. तेव्हा लेबलावर ‘शॅम्पेन’ हा शब्द आहे का, हे प्रथम पाहावे. नारायणगावला १९८० च्या दशकात आणि नंतर नाशिक जिल्ह्यात बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत वापरून वाइन होऊ लागली. त्या स्पार्कलिंग वाइन होत, शॅम्पेन नव्हेत. याचा अर्थ त्या हलक्या असतात असा मात्र नव्हे.

दोन बारीक अक्षरे

लेबलाच्या कडेला अगदी बारीक टाइपात दोन रोमन अक्षरे व पुढे एक क्रमांक असतो. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. ‘आर.एम.’ असल्यास बागायतदाराने स्वतःच्या बागेतील द्राक्षापासून स्वतः केलेली वाइन समजावी. ‘एन.एम.’ म्हणजे द्राक्षे विकत घेऊन वाइन करणारी कंपनी. नावाजलेली बहुतेक घराणी यात येतात. ‘सी.एम.’ म्हणजे सहकारी संस्था, आपल्या साखर कारखान्यासारखी. ‘एम.ए.’ असेल तर दुकानदाराने किंवा अन्य खरेदीदाराने दुसऱ्याकडून करवून घेऊन आपले नाव लावलेले असते. तेथे ते आकर्षक नाव आपणास काहीच सांगत नाही. या अक्षरांवरून दर्जा ठरत नाही, पण जबाबदार कोण हे कळते. प्रस्तुत लेखकाच्या मते किंमत सारखी असेल तर ‘आर.एम.’ची बाटली पाहण्याजोगी असते, कारण शॅम्पेनमधील सुमारे नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या मालकीच्या असूनही प्रसिद्धी मात्र घराण्यांच्या वाट्याला येते.

गोडी आणि वय

‘ब्रूट’ या शब्दाने गोंधळ होतो. त्याचा अर्थ लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ब्रूट’मध्ये ती ६ ग्रॅमपर्यंत असते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव ऐकून ती अधिक कोरडी असेल असे वाटते, पण त्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते. ‘देमी-सेक’मध्ये ३२ ते ५० ग्रॅम असते. ती चक्क गोड लागते. साखर हा दोष नाही. परंतु भरपूर साखर कच्च्या वाइनची उणीव झाकू शकते, म्हणून पारख शिकताना ब्रूट किंवा एक्स्ट्रा ब्रूट घ्यावी.

लेबलावर साल नसेल तर ती अनेक वर्षांच्या वाइनचे मिश्रण असते. ती किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते. साल छापलेली किमान तीन वर्षे. बाटलीतील दुसऱ्या आंबवणीनंतर मेलेल्या यीस्टचा गाळ तळाशी राहतो आणि त्याच्या सहवासात वाइनला भाजलेल्या पावासारखा वास येतो. नंतर हा गाळ काढून नवे बूच बसवतात. काही उत्पादक गाळ काढल्याची तारीख मागील लेबलावर छापतात. बियाण्याच्या पिशवीवरील तपासणीच्या तारखेइतकेच तिला महत्त्व द्यावे. साल नसलेली साधी बाटली त्या तारखेनंतर बरीच वर्षे उबदार दुकानात पडून असेल तर ती न घेतलेली बरी.

उघडणे व बूच पाहणे

बाटलीत सुमारे ५ ते ६ वातावरण दाब असतो, मोटारीच्या टायरपेक्षा दुपटीहून अधिक. म्हणून बर्फ व पाणी घातलेल्या बादलीत अर्धा तास ठेवून ८ ते १० अंश सेल्सियसपर्यंत थंड करावी. तार सैल करताना अंगठा बुचावरून काढू नये. बाटली तिरपी धरावी, तोंड माणसांपासून दूर ठेवावे, बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. बार उडवणे टाळावे, त्यात वायूही जातो आणि डोळाही जाऊ शकतो.

आता बूच फेकू नये. बाटलीत होता तो त्याचा खालचा भाग झग्यासारखा फुललेला असेल तर ते बूच बसवून फार काळ झालेला नाही. तो आवळून खुंटीसारखा सरळ राहिला असेल तर बाटली बराच काळ पडून आहे. बुचाला व वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास आला तर तो बुचाचा दोष होय. अशी बाटली कितीही नामांकित असो, बाजूला ठेवावी.

बुडबुडे खोटेही बोलतात

येथे स्वतःची एक चूक सांगणे उपयुक्त ठरेल. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण वर्गात एका बागायतदाराने भाच्याने आणलेली शॅम्पेन तपासण्यासाठी दिली. उपाहारगृहातील पेल्यांत ती ओतली, बुडबुडे जवळजवळ उठलेच नाहीत. ‘हिचा वायू गेलेला आहे’ असे मी सर्वांसमोर सांगून टाकले. त्या गृहस्थांचा चेहरा पडला. प्रयोगशाळेतील आमच्या जुन्या सहायकांनी न बोलता एक पेला गरम पाण्याने विसळला, सुती कापडाने कोरडा पुसला आणि त्यात तीच वाइन ओतली. बुडबुड्यांच्या माळा सरळ वर चढल्या! पेल्यांना साबणाचा अंश राहिला होता. बुडबुडा काचेवरील सूक्ष्म तंतूंमधील हवेच्या पोकळीत जन्म घेतो. ते तंतू नसतील आणि वर साबण असेल तर उत्तम शॅम्पेनही निपचित दिसते. म्हणून केवळ बुडबुड्यांवरून, त्यांच्या बारीकपणावरूनसुद्धा, निर्णय देऊ नये. वायू आहे की नाही हे जिभेवर तपासावे. तेथे तो मलईसारखा मऊ वाटावा, सोड्यासारखा टोचू नये.

शेवटचा निवाडा तोंडात

वास घेताना प्रथम फळे शोधावीत, म्हणजे लिंबू, सफरचंद, नासपती. त्यामागे पाव, बदाम किंवा लोण्याचा वास असेल तर गाळावर चांगला काळ गेला असे समजावे. कापलेले सफरचंद काळे पडल्यावर येतो तसा शिळा वास असेल तर वाइनला हवा लागली आहे. शिजवलेल्या कोबीसारखा वास आला तर बाटली उजेडात राहिली असण्याची शक्यता असते, विशेषतः काच पारदर्शक असल्यास.

घोट घेतल्यावर मुख्य कसोटी आम्लतेची. शॅम्पेनची द्राक्षे साधारण १६ ते १८ ब्रिक्सला काढतात, खाण्याच्या द्राक्षांइतकी पिकू देत नाहीत, कारण आंबटपणा हा या वाइनचा कणा आहे. तोंडाला पाणी सुटले पाहिजे, पण कच्च्या चिंचेसारखे दात आंबता कामा नयेत. गिळल्यावर अथवा थुंकल्यावर मनातल्या मनात आकडे मोजावेत. पाच मोजेपर्यंत चव संपली तर वाइन साधी. दहा-पंधरापर्यंत टिकली आणि स्वच्छ राहिली तर चांगली. शेवटी घशाशी कडसरपणा राहिला तर रस फार पिळून घेतला असावा. तेथील नियमाप्रमाणे ४,००० किलो द्राक्षातून २,५५० लिटरच रस घेता येतो आणि त्यातील पहिला २,०५० लिटर रस श्रेष्ठ मानला जातो.

एका घोटावर थांबू नये. पेला वीस मिनिटे तसाच ठेवून पुन्हा चाखावा. थंडपणा दोष लपवतो, वाइन कोमट होऊ लागली की ते वर येतात. चांगल्या बाटलीत याच वेळी नवे वास उमलतात.

दुसरी बाटली शिल्लक असेल तर ती दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात शोभेसाठी ठेवू नये. धान्याच्या खोलीतील सर्वांत थंड, काळोखा कोपरा तिच्यासाठी निवडावा आणि येत्या उन्हाळ्यापूर्वी ती उघडावी.